हेल्मेटच्या आत

तेवीस वर्षं म्हापशात पायलट आहे मी.
पिवळा मडगार्ड, काळी टाकी,
मागच्या सीटवर लोकांची घाई.
प्रार्थना करतो ती हेल्मेटच्या आत.
काच खाली ओढली की तेच माझं कपेल:
थोडा घाम, थोडं खोबरेल तेल,
आणि बापाशी चाललेलं पुटपुटणं,
जे बाजूच्या स्कूटरवाल्याला
गाणं गुणगुणल्यासारखं वाटतं.
वाटू देतो.

आईनं दिलेला क्रूस
शर्टाच्या दुसऱ्या बटणाखाली असतो.
धंद्यात धर्म कशाला, म्हणायचो,
आणि स्वतःलाच शहाणा वाटायचो.

उल्हास, स्टँडवरचा चौथा नंबर,
मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला
तेलाची बाटली घेऊन रांगेत उभा राहतो, अनवाणी.
"आमच्या लईराईची भैण ती," सांगतो मोठ्यानं,
कुणी विचारलेलं नसताना.
मी त्याच दिवशी दुपारी जातो,
गर्दी ओसरल्यावर,
मागच्या बाकावर.

बुधवारी एका बाईची पिशवी राहिली हँडलला.
आत नोटा, रबर लावलेल्या,
आणि दागिन्यांच्या दुकानाची पावती.
मी अस्नोड्याला जाऊन परत दिली.
रुद्राजी म्हणाला, "देवाला भ्यालास काय रे, कायतान?"
"छे. हल्ली जागोजागी कॅमेरे असतात."
पिशवी देताना त्या बाईनंही विचारलं होतं,
"कोणी शिकवलं हो तुम्हांला हे?"
"सवय आहे."
आणि दारात उभं तिचं पोर,
माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बोट दाखवत:
"हे काय?"
"चावी," म्हणालो मी.
शर्टाचं वरचं बटणही लावलं.

शुक्रवारी बाजार.
पिदाद मांय मागं बसली,
मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडा, पाय बांधलेला.
थिवीच्या वळणावर तो आरवला.
भर दुपारी,
माझ्या कानाला लागून.

मी गाडी बाजूला घेतली.
हेल्मेट काढलं. हात थरथरत होते,
आणि हसूही येत होतं.
"पेट्रोल संपलं?"
"नाही, मांय."
मग सगळं सांगून टाकलं तिला, रस्त्याच्या कडेला,
खनिजाचे ट्रक धूळ उडवत जात असताना.
तिनं टोपली सावरली.
"त्या मासेमाऱ्यालाही कोंबडाच लागला होता, पुता.
तुझा तरी साडेचारशेचा.
चल आता, सून यायची आहे,
मसाला वाटायचा राहिलाय."

शनिवारी सकाळी गाड्यावर पाव आणि पातळ भाजी.
मी हेल्मेट सीटवर ठेवलं.
कपाळ, छाती, खांदे:
एवढासा हात फिरवायचा,
तर तो ओल्या गोणीसारखा जड.
डोळे मिटून बोललो, ऐकू जाईल असं.
पावाबद्दल आभार मानले, त्या पोराचं नाव माहीत नव्हतं,
म्हणून नुसतं "अस्नोड्याचा मुलगा" म्हणालो.
डोळे उघडले तर रुद्राजी मोबाईलमध्ये घुसलेला,
गाडेवाला कांदा चिरायचा थांबलेला.
भाजीवर साय धरली होती.

"परवा खोटं बोललो," मी म्हणालो.
"कॅमेऱ्याचं काही नव्हतं.
ज्याचं नाव आत्ता घेतलं ना,
त्यानं झोपू दिलं नसतं मला."

उल्हासनं पाव भाजीत बुडवला.
"ठाऊक होतं.
अस्नोड्याच्या त्या रस्त्यावर दिवे नाहीत,
कॅमेरा कुठला?"
मग बोटं चाटत,
"उद्या माझ्याही गाडीचं नाव घाल त्यात.
क्लच सरकतोय."

आता रोज काढतो हेल्मेट.
धीट झालोय असं नाही.
अजून कान तापतात,
अजून एखादं गिऱ्हाईक दोरा बघून
पुढच्या गाडीकडे वळतं, एखादं मुद्दाम माझ्याकडे येतं,
आणि दोन्ही वेळेला मला अवघडायला होतं.

अस्नोड्याला जायचं मात्र राहिलंय.
ती चावी नव्हती, एवढं त्या पोराला सांगायचंय.
त्या बाजूचं भाडं मिळालं नाही
तर रिकामाच जाईन.